छपराचे पाणी, बिनविषाचे परस : आमच्या प्रमिलाताई

प्रमिलाताई पाटील यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलेही नव्हते. नंदुरबार जिल्ह्यात खांडबाऱ्याच्या बाजूला असलेल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी नेमणूक झाली होती. नेमणुकीचा कागद हातात धरून मी पायऱ्या चढत होते, तोच मागून एक पिकअप गाडी येऊन थांबली. गाडीत दासूभाऊ नावाचे जवळच्याच पाड्यावरचे गृहस्थ आडवे पडले होते. पहाटेपासून ते कपाशीवर औषध फवारत होते. पाठीवरचा पंप गळका होता आणि अंगातला सदरा त्या औषधाने चिंब झाला होता. तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. तिथल्या ज्येष्ठ परिचारिका प्रमिलाताईंनी कात्री घेऊन सदरा कापला आणि त्या ओरडल्या, "साबण आणा! पाणी आणा!" कातडीवरचे विष धुऊन निघाल्याशिवाय ते अंगात जायचे थांबत नाही, हे पुस्तकात मी वाचले होते. पण नळाला पाणीच नव्हते. आदल्या दिवशी मोटार जळाली होती आणि गच्चीवरची टाकी कोरडी होती. मी कागद धरून तशीच उभी. ताई माझ्यावर खेकसल्या, "पोरी, उभी काय ऱ्हायनी? बादली ली ये!"

त्या स्वतः रस्त्यावर धावल्या आणि समोरच्या घरांना हाका मारू लागल्या. बायका हंडे, कळश्या, हाताला येईल ते घेऊन आल्या. आम्ही दासूभाऊंना डोक्यापासून पायापर्यंत साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. दुपार कलली तेव्हा त्यांचा श्वास ताळ्यावर आला. ते जगले.

सगळे आटोपल्यावर ताई ओल्या साडीनिशी पायरीवर बसल्या होत्या. मी रुजू झाल्याचे सांगायला शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांची नजर दवाखान्याच्या पत्र्यावर होती. "काल ह्या पत्रावरथीन कितलं पानी वाही गयं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या, "आन आज मानूस धोवाले पानी नही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "जेवलीस का?"

गौरवग्रंथ समितीने मला प्रमिलाताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायला सांगितले, तेव्हा सुरुवात कोठून करायची याचा मला विचार करावा लागला नाही. ताईंनी पुढे जे जे केले, ते त्या दिवसापासून सुरू झाले असे मी मानते. रनाळ्यातल्या त्यांच्या घराच्या छतावरून साठवलेले पावसाचे पाणी आणि विषाचा थेंबही न लागलेले त्यांचे परस आज तालुक्यातले लोक पाहायला येतात. त्यांना ती एक हौस वाटते. मी त्यांना सांगते की ही हौस नव्हे, हा त्यांचा हट्ट आहे, आणि तो हट्ट त्यांनी दवाखान्यात एका माणसाच्या उशाशी उभे राहून धरला आहे.

त्या घटनेनंतर ताई डॉक्टरांच्या मागे लागल्या. दवाखान्याच्या पत्र्याला पन्हळ बसवायची आणि पाणी पिंपांत साठवायचे, एवढीच त्यांची मागणी होती. डॉक्टरांची हरकत नव्हती, पण वरून मंजुरी यायला हवी होती. मंजुरीची वाट पाहता पाहता ताईंनी आमच्या राहत्या खोल्यांच्या छपरावर काम सुरू करून टाकले. जुना पत्रा वाकवून त्याची पन्हळ केली. पहिल्या सरीचे घाण पाणी बाहेर सोडायला खाली एक बूच ठेवले. तोंडाला फडके बांधलेली पिंपे भरून उभी राहिली. मंजुरी आली तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि आमची पिंपे काठोकाठ भरलेली होती. पुढे दवाखान्यालाही पन्हळ लागली. त्यानंतर आमच्याकडे फवारणीतले जेवढे रुग्ण आले, त्यांतल्या एकालाही धुवायला पाणी कमी पडले नाही.

ताईंच्या हाताखाली मी अनेक वर्षे काम केले. माझे गाव नवापूरच्या डोंगराकडचे. घरी आम्ही कोकणी बोलतो, गोव्याची नव्हे, आमच्या आदिवासी कोकणा समाजाची; मराठी मी शाळेत शिकले. ताईंच्या तोंडी अहिराणी. सुरुवातीला त्या काय म्हणतात ते मला अर्धेच कळायचे आणि वरिष्ठांपुढे माझी मराठी अडखळायची. एकदा एका बाहेरच्या कर्मचाऱ्याने माझ्या बोलण्याची नक्कल केली. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. ताई आत आल्या. समजूत वगैरे काही घातली नाही. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वॉर्डात तुझ्या भाषेच्या बायका जास्त आहेत. त्यांना 'कळा कधीपासून येतात' हे कसं विचारायचं ते मला शिकव." त्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी मी त्यांना कोकणी शिकवू लागले. त्यांचे उच्चार ऐकून बाळंतिणी पोट धरून हसायच्या. ताईंना त्याचे काहीच वाटत नसे. मात्र नक्कल करणाऱ्याला त्यांनी सर्वांसमोर विचारले, "तुला किती भाषा येतात?" तो पुन्हा तसे वागला नाही.

निवृत्तीनंतर ताई रनाळ्याला, आपल्या सासरी परतल्या. त्यांचे यजमान, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणते, ते पिढीजात शेतकरी. मिरची आणि कापूस हे त्यांचे पीक. लोक निवृत्त झाल्यावर घरावर मजला चढवतात. ताईंनी अंगणात खड्डा खणून टाकी बांधायला घेतली. छताचे सगळे पाणी एका नळीने वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून त्या टाकीत उतरेल अशी सोय केली. आणि घरामागच्या जागेत वांगी, भेंडी, वाल, गिलकी लावून त्यांनी आप्पांना बजावले, "या कुंपणाच्या आत फवारा आणायचा नाही."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "फवारा नही मारा तं वांगं तुले नही, अळीले भेटी!"

पहिल्या हंगामात आप्पांचे म्हणणे खरे ठरले. वांग्याचे शेंडे माना टाकू लागले, भेंडीवर मावा पडला. मी त्या वेळी बदली होऊन नंदुरबारला आले होते. एका रविवारी ताईंनी मला भरीत खायला बोलावले. आप्पांनी मोठ्या थाटात वांगी भाजली, सोलली आणि पहिलेच वांगे उकलले तर आत अळी! दुसऱ्यातही तेच. आप्पांनी ताट पुढे सरकवले आणि गंभीरपणे म्हणाले, "हाई तं अळीनं भरीत शे."

आम्ही सगळे हसलो. ताईही हसल्या. पण जेवणे झाल्यावर मी मागे गेले, तर त्या एकेक रोप वाकवून पाहत होत्या. मी सहज म्हटले, "ताई, फवाऱ्याचा एखादा हात हलकासा मारला तर काय होईल?" त्यांनी वळून पाहिले. "हलकासा? सुनंदा, आपण धुतलेली माणसं तुला आठवत नाहीत का? त्यांतलं कोण म्हणालं होतं की मी जास्त मारलं?" मग त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढला साल देखू."

पुढच्या साली त्यांनी जे केले त्यात जादू काहीच नव्हती. रोज सकाळी चहाच्या आधी त्या परसात जायच्या आणि माना टाकलेले शेंडे खुडून जाळायच्या. निंबोळ्या वाळवून, कुटून त्यांचा अर्क करायच्या. कडेने झेंडू लावला. एकाच जागी दोन हंगाम वांगे लावले नाही. मावा पडला तर राख भुरभुरायच्या नाही तर साबणाचे पाणी शिंपडायच्या. काही झाडे तरीही गेली. गेलेल्या झाडाच्या जागी त्या दुसरे लावत. जखम रोज धुऊन रोज पट्टी बदलावी लागते, एकदा मलम लावून भागत नाही, हे ज्या बाईने आयुष्यभर केले, तिला परस सांभाळणे अवघड गेले नाही. त्या वर्षीचे भरीत मी पोटभर खाल्ले. आप्पांनी दोनदा मागून घेतले, पण तोंडाने कबूल काही केले नाही.

आप्पांविषयी येथे दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ताईंचे कौतुक करताना लोक त्यांना विनाकारण खलनायक करतात. आप्पा शेतात आजही गरजेपुरते फवारतात. "घरनं वांगं तुन्हं, वावरनं मन्हं," हा त्यांचा तह आहे. ताईंनी तो मानला, पण अटी घातल्या. तोंडाला फडके, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारणी नाही. शेतातून आल्यावर मागच्या दारी पाण्याची बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवलेले असतात. अंघोळ झाल्याशिवाय घरात पाऊल नाही. एकदा पाहुणे बसलेले असताना आप्पा तसेच पुढच्या दाराने आत येऊ लागले. ताईंनी व्याह्यांच्या देखत त्यांना उंबऱ्यावर अडवले. आप्पा चरफडत मागे वळले. आज त्यांच्या शेतावर येणारे मजूरही अंघोळ करून घरी जातात, आणि त्यांच्यासाठी पाणी आप्पा स्वतः भरून ठेवतात.

आता मला त्या वर्षाविषयी लिहायचे आहे, ज्या वर्षी ताईंचे सारे काम मोडायला आले होते.

पावसाळा नुकताच सरला होता. ताईंची टाकी तोंडापर्यंत भरलेली, आता उन्हाळ्यापर्यंत चिंता नाही असे आप्पाही म्हणू लागले होते. अशात गल्लीत ताप सुरू झाला. शेजारच्या मंगलाबाईंची सून पूनम गरोदर होती. तिला ताप भरला, अंगावर पुरळ उठले आणि रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला. दिवसागणिक तिच्या रक्तातल्या पेशी कमी होत होत्या. ताईंनी तिला नंदुरबारच्या रुग्णालयात भरती करायला लावले आणि मला फोन केला. मी ड्युटी संपवून तिच्याजवळ जाऊन बसत असे.

इकडे गल्लीत कुजबूज सुरू झाली. डास साठलेल्या पाण्यात होतात, हे सगळ्यांना ठाऊक. एवढे पाणी साठवलेले घर गल्लीत एकच. एका सकाळी मंगलाबाई रुग्णालयातून घरी आल्या त्या थेट ताईंच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी पूनमसाठी डबा न्यायला रनाळ्याला आले होते, म्हणून ते सारे माझ्यासमोर घडले. मंगलाबाईंचे डोळे रडून सुजलेले होते. "तुमनी टाकीमुळे बठ्ठी गल्ली मांदी पडनी!" त्या किंचाळल्या. "मन्ही सूनले काही व्हयनं ना, ताई, तं मी हाई टाकी फोडी टाकसू!" गल्ली गोळा झाली. कोणी मंगलाबाईंना आवरले नाही. टाकी आजारपण आणते असे मनातून बऱ्याच जणांना वाटत होते.

आप्पा चिडले. "तिची टाकी झाकलेली आहे, गाळणी आहे, जाळी आहे," असे काहीबाही म्हणू लागले. ताईंनी त्यांना हाताने थांबवले. "थांबा. उघडून पाहू. सगळ्यांसमोर पाहू."

गावच्या आरोग्यसेविकेला बोलावणे गेले. झाकण काढले. ताईंनी स्वतः गुडघे टेकून आत बॅटरी मारली आणि वाटी बुडवून पाणी काढले. त्या वाटीत बराच वेळ पाहत राहिल्या. मग वाटी आरोग्यसेविकेच्या हातात दिली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

जादा पाणी बाहेर जायच्या नळीला प्लॅस्टिकची जाळी होती. ती उंदराने कुरतडली होती. जाळी आप्पांनी बसवली होती. ते खाली मान घालून उभे राहिले. ताई त्यांच्याकडे न पाहता सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जाळी दर आठवड्याला तपासायची हे माझं काम होतं. ते झालं नाही. मंगला बरोबर बोलते."

आरोग्यसेविका समजूतदार होत्या. टाकीत अळ्यांचे औषध टाकता येईल, गप्पी मासे सोडता येतील, पाणी सोडायची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. मीही ताईंना बाजूला घेऊन तेच म्हणाले. परसात वांगी फुलावर होती, वाल चढत होता. हे पाणी गेले तर पुन्हा पावसाळ्यापर्यंत काही नाही. ताईंनी ऐकून घेतले आणि आप्पांना म्हणाल्या, "मोटार लावा."

आप्पांना राहवले नाही. "आखं सालनं पानी शे ते!"

"पानी गयं तं गयं," ताई म्हणाल्या. "पुढला साल परत यी. पोर गयी तं ती काय परत यी?"

टाकी दिवसभर उपसली गेली. पाणी गटारीत न सोडता नळीने शेजारच्या कोरड्या वावरात पसरले, म्हणजे अळ्या तेथेच वाळून मराव्यात. ताई शेवटी शिडीने आत उतरल्या, भिंती ब्रशने घासल्या. पोलादी जाळी बसवली. आणि संध्याकाळी हात धुऊन त्या आरोग्यसेविकेबरोबर घरोघर निघाल्या. कूलर, फुटके माठ, गुरांच्या पाण्याचे हौद सगळे पाहिले. अळ्या आणखीही घरांत निघाल्या. पूनमला चावलेला डास कोठला, हे कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. ताईंनी ते सांगायचा प्रयत्नही केला नाही. पुढचे काही दिवस त्या रुग्णालयात पूनमच्या उशाशी बसल्या. मंगलाबाई सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नव्हत्या. ताई त्यांना चहा आणून द्यायच्या आणि आपल्या जागी जाऊन बसायच्या.

पूनम वाचली. तिचा ताप उतरला, पेशी वाढल्या आणि पुढे दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. बारशाला मंगलाबाईंनी बाळाला पहिल्यांदा ताईंच्या ओटीत ठेवले.

पण परस गेले. पिण्याच्या पाण्याला ताण असताना झाडांना देणार काय? नळाचे पाणी दोन माणसांपुरते येई. ताईंनी भाजी धुतलेल्या पाण्यावर, अंघोळीच्या पाण्यावर बियाण्याची काही झाडे तेवढी धरून ठेवली. बाकीचे वाफे त्यांच्या डोळ्यांसमोर करपले. त्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा वाळलेला वाल कुंपणावर तसाच लोंबत होता. माझ्याच्याने पाहवेना. ताई मात्र मला घरात घेऊन गेल्या आणि राखेत घोळवून ठेवलेले वांग्याचे बी दाखवले. "एवढं उरलंय. पुरेसं आहे."

आमच्या गप्पागोष्टी चालू असताना दारात मंगलाबाई आल्या. थोडा वेळ घुटमळल्या. मग म्हणाल्या, "ताई, मन्हा घरले बी पन्हळ लाई द्या. तुम्हीच उभ्या ऱ्हावा. आन जाळी लोखंडनीच लावा."

ताईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्याच पावली मोजमाप घ्यायला निघाल्या. पावसाळ्याच्या आत गल्लीतल्या बहुतेक घरांना पन्हळी लागल्या. कोणाकडे टाकी, कोणाकडे नुसती झाकणाची पिंपे. आठवड्यातून एक वार ठरवून सगळ्या बायका आपापल्या जाळ्या तपासतात. ताईंनी जपलेले वांग्याचे बी त्या वर्षी घरोघर गेले. फवारा न मारता भाजी कशी करायची, हे विचारायला ज्या बायका आल्या, त्यांना ताई पहिली गोष्ट ही सांगतात की पहिल्या साली अळी खाईल, तयारी ठेवा. त्या कोणालाही खोटी आशा दाखवत नाहीत. कदाचित म्हणूनच त्यांच्याकडे आलेल्या बायका मध्येच सोडून जात नाहीत.

आता ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केली आहे. त्या शिडी चढत नाहीत, खाली खुर्ची टाकून बसतात आणि वर चढलेल्याला सूचना देतात. गावच्या अंगणवाडीच्या छताला पन्हळ लावायचे काम सध्या त्यांनी मनावर घेतले आहे. समितीची मंडळी सत्काराचा दिवस ठरवायला गेली, तेव्हा ताईंनी आधी अंगणवाडीचे काम कोठवर आले ते विचारले आणि मगच होकार दिला.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्या परसाच्या टोकाला एक इवलेसे रोप लावत होत्या. रायणीचे रोप होते, जिला काही जण खिरणी म्हणतात. तिची पिवळी गोड फळे उन्हाळ्यात आपल्या बाजारात येतात. पण हे झाड अतिशय सावकाश वाढते. बियापासून लावलेल्या रायणीला फळ धरायला माणसाला दहा-पंधरा वर्षे तरी धीर धरावा लागतो. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "आते या वयात रायण? फळं खाई कोन?"

ताईंनी मातीचे हात झटकले आणि सरळ उभ्या राहिल्या.

"मीच खासू. आखो कोन?"

प्रमिलाताई, आम्हां सर्वांची एवढीच इच्छा आहे, की हे शब्द खरे ठरावेत. तुमचे गुडघे, डोळे आणि आवाज असेच खणखणीत राहोत. आप्पांची साथ अशीच लाभो. रायणीला बहर येईल त्या उन्हाळ्यात तुम्ही स्वतः झाडाखाली खुर्ची टाकून बसा, वर कोणी चढले असेल त्याला कोणती फांदी हलवायची ते सांगा, आणि पहिले फळ दुसऱ्या कोणाला देऊ नका.